उजनीच्या काठावर होडीत पेट्रोल भरताना

उजनी जलाशयाच्या काठांवर, करमाळा आणि माढा तालुक्यांत तसेच पलीकडे इंदापूरच्या बाजूला, आता केवळ वल्ह्यांच्या होड्या राहिलेल्या नाहीत. मासेमारीच्या, पक्षी पाहायला आलेल्या पाहुण्यांना फिरवणाऱ्या किंवा एखाद्याने हौसेने घेतलेल्या लहान होडीच्या मागे पेट्रोलचे इंजिन बसवलेले असते, आणि काठावर पंप नसल्यामुळे त्या इंजिनाचे पेट्रोल गावातून डब्यातूनच येते. मोटारसायकलवाल्याला पेट्रोलला हात लावावा लागत नाही. पंपावरचा माणूस नळी टाकीत घालतो, पैसे दिले की काम संपते. होडीवाल्याला मात्र पेट्रोल आणणे, साठवणे, ओतणे आणि उरलेले सांभाळणे ही सगळी कामे स्वतःच करावी लागतात, आणि ती कशी करावीत हे त्याला कोणी शिकवलेले नसते. गेली काही वर्षे सोलापूरहून सुट्टीच्या दिवशी उजनीवर जाऊन लहान फायबरची होडी चालवताना जे वाचले, विचारले आणि एकदा थोडक्यात बचावून शिकलो, ते येथे क्रमाने मांडत आहे.

आधी वाफेविषयी

पेट्रोल जळते असे आपण म्हणतो, पण खरे तर पेट्रोलची वाफ जळते. पेट्रोलचा ज्वलनबिंदू उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो, म्हणजे आपल्याकडच्या कोणत्याही ऋतूत, कोणत्याही वेळी उघड्या पेट्रोलमधून पेट घेण्याइतकी वाफ निघतच असते. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्यामुळे वर उडून जात नाही. ती पाण्यासारखी उताराने वाहते आणि खोलगट जागा सापडली की तिथे साठते. हवेत तिचे प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्के झाले की एक ठिणगी पुरते.

आता होडीचा आकार डोळ्यांसमोर आणावा. रस्त्यावर गाडीखाली थोडे पेट्रोल सांडले तर वाफ मोकळ्या जमिनीवर पसरून वाऱ्याबरोबर निघून जाते. होडी ही मुळात पाणी आत येऊ नये म्हणून बनवलेली मोठी परात आहे, आणि जी परात पाणी आत येऊ देत नाही ती वाफही बाहेर जाऊ देत नाही. बसायच्या फळीखालचे कप्पे, पुढचा सामानाचा खण, बॅटरीची पेटी या सगळ्या जागा वाफेला सोयीच्या असतात. हिशेब करून पाहिला तर चहाचा लहान अर्धा कप, म्हणजे सुमारे ५० मिलीलिटर पेट्रोल पूर्ण उडाले की अर्ध्या घनमीटरहून अधिक हवा स्फोटक होऊ शकते; लहान होडीतला बंद कप्पा त्याहून लहान असतो. या लेखातली जवळजवळ प्रत्येक सूचना याच एका गोष्टीतून निघते.

माझा प्रसंग असा. मार्च महिना होता, सकाळचे नऊ वाजले असतील. होडी अर्धी पाण्यात, अर्धी चिखलावर होती. मी पाण्याच्या बाटलीचा तळ कापून केलेल्या नरसाळ्याने होडीतच टाकी भरत होतो, होडी हलली, नरसाळे कलंडले आणि दोन-तीन घोट पेट्रोल खाली गेले. होडीच्या बुडाशी आदल्या दिवशीचे बोटभर पाणी होते, त्यावर इंद्रधनुषी साय पसरली. मी फडक्याने कडा पुसली आणि काम झाले असे समजून इंजिनाच्या दोरीला हात घातला. काठावर जाळे निवडत बसलेले एक वयस्कर मच्छीमार तिथूनच म्हणाले, ‘‘थांबा, दोरी वडू नका. वास यायलाय.’’ दहा-बारा पावलांवर बसलेल्या माणसाला जो वास आला तो मला आला नव्हता, कारण पाच मिनिटे पेट्रोल हाताळल्यावर नाक त्या वासाला सरावते. म्हणून वास नाही म्हणजे वाफ नाही असे समजू नये. ज्याने पेट्रोल हाताळलेले नाही अशा माणसाला हुंगायला सांगावे.

डबा कोणता घ्यावा आणि कायदा काय म्हणतो

पेट्रोलियम कायदा, १९३४ नुसार २३ अंश सेल्सिअसपेक्षा कमी ज्वलनबिंदू असलेले इंधन ‘अ’ वर्गात मोडते आणि पेट्रोल त्याच वर्गातले आहे. याच कायद्याच्या कलम ८ नुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल एका व्यक्तीला परवान्याशिवाय एकूण ३० लिटरपर्यंत बाळगता येते, मात्र ते घट्ट बूच असलेल्या भांड्यात असावे लागते. धातूचे भांडे २५ लिटरपेक्षा मोठे असू नये, आणि काचेचे किंवा चिनी मातीचे असल्यास एक लिटरपेक्षा मोठे असू नये. या यादीत प्लास्टिकचा उल्लेख नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. काठावर सर्रास दिसतो तो मात्र गोडेतेलाचा पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन, ज्याचे झाकण तेलासाठी ठीक असले तरी पेट्रोलच्या वाफेचा दाब धरण्यासाठी बनवलेले नसते. उन्हात असा कॅन फुगतो, झाकणाच्या आट्यांतून वाफ झिरपते आणि महिन्याभरात प्लास्टिक मऊ पडते.

त्यामुळे जाड पोलादी पत्र्याचा, रबरी वायसर असलेल्या आणि कळ दाबून बंद होणाऱ्या झाकणाचा जेरीकॅन घ्यावा. वीस लिटरचा भरलेला डबा पेट्रोलसह सुमारे पंधरा किलो अधिक डब्याचे वजन एवढा जड होतो. चिखलातून चालत न्यायचा असेल तर दहा लिटरचे दोन डबे बरे, कारण हात थकला की माणूस ओतताना घाई करतो. पंधरा किलो तेलाचा पत्र्याचा चौकोनी डबा कामाचा नाही, त्याचे झाकण एकदा उचकटले की पुन्हा घट्ट बसत नाही. डब्यावर तैलरंगाने मोठ्या अक्षरांत ‘पेट्रोल’ लिहावे. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत पेट्रोल कधीही, तासाभरासाठीसुद्धा, ठेवू नये. उन्हात तहानलेला माणूस बाटली पाहून विचार करत नाही, आणि पेट्रोल गिळण्यापेक्षा ते फुप्फुसात उतरणे अधिक घातक असते.

इंजिनाबरोबर आलेली सुटी टाकी ही इंधनाची टाकी म्हणूनच तयार केलेली असते आणि तिच्या झाकणावर हवेचा लहान स्क्रू असतो. ती वापरण्यासाठी असते, घरी महिनोन्‌महिने पेट्रोल साठवण्यासाठी नसते.

पंपावरून काठापर्यंत

बाटलीत किंवा साध्या कॅनमध्ये सुटे पेट्रोल देण्यास अनेक पंपांवर नकार मिळतो आणि त्यावर हुज्जत घालण्यात अर्थ नाही. इंजिनाची टाकी किंवा धातूचा डबा घेऊन जावे आणि होडीसाठी हवे असल्याचे आधीच सांगावे.

डबा भरताना तो जमिनीवर ठेवावा. मोटारीच्या डिकीत, रबरी मॅटवर किंवा दुचाकीच्या सीटवर ठेवून कधीही भरू नये. पेट्रोल नळीतून वाहताना स्थिर वीज तयार होते. डबा जमिनीवर असला तर ती जमिनीत उतरते, पण रबरावर किंवा प्लास्टिकवर ठेवलेल्या धातूच्या डब्यात ती साठून राहते आणि नळीचे तोंड डब्याच्या तोंडाजवळ आले की ठिणगी पडते, तीही नेमकी जिथे वाफ सर्वांत जास्त तिथे. म्हणून नळीचे धातूचे तोंड डब्याच्या तोंडाला टेकवूनच ठेवावे आणि धार हळू सोडायला सांगावी. सोलापूरकडची फेब्रुवारी ते मेपर्यंतची कोरडी हवा अशा विजेला फार पोषक असते. टेरिकॉटचा शर्ट काढताना जी चटचट ऐकू येते तीच ही वीज. त्या दिवसांत सुती कपडे घालावेत. मोबाइलविषयीची भीती लोकांच्या मनात पक्की आहे आणि मोबाइल दूर ठेवलेला बराच, पण माझ्या मते त्याचे मुख्य कारण बोलणाऱ्याचे लक्ष हातातल्या कामावर राहत नाही हे आहे. रबरी मॅटवरचा डबा त्याहून कितीतरी धोकादायक असतो, आणि त्याला मात्र कोणी हटकत नाही.

डबा काठोकाठ भरू नये. पेट्रोल तापले की वाढते. दर अंशाला ते जवळजवळ हजारात एक भाग इतके वाढते. सकाळी २५ अंशांवर भरलेले २० लिटर पेट्रोल दुपारी ४५ अंशांच्या डिकीत सुमारे ३८० मिलीलिटरने वाढते, आणि त्याला जागा ठेवली नसेल तर ते झाकणातून मार्ग काढते. मे महिन्यात सोलापुरात सावलीतच ४२-४३ अंश असतात, बंद गाडीत त्याहून बरेच जास्त. वीस लिटरच्या डब्यात एकोणीसच भरावे, आणि हाच हिशेब होडीच्या टाकीलाही लावावा.

नेताना डबा उभा, दोरीने बांधलेला आणि हवा खेळेल अशा जागी असावा. दुचाकीवर दोन पायांमध्ये धरलेला डबा इंजिन आणि सायलेन्सरच्या अगदी जवळ येतो. हे काठावर रोज दिसते, तरीही करू नये. एसटीतून पेट्रोल नेता येत नाही हे वेगळे सांगायला नको. वाटेत चहासाठी थांबलात तर गाडी सावलीत, काचा थोड्या खाली घेऊन उभी करावी आणि टपरीच्या शेगडीपासून लांब ठेवावी.

घरी किंवा शेतावर साठवताना

शक्यतो साठवूच नये. जाण्याच्या दिवशी आणावे, लागेल तेवढेच आणावे. दहा अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण वेगाने चालवले तर ढोबळमानाने तासाला साडेतीन ते चार लिटर पिते, आणि संथ चालवले तर त्याहून पुष्कळ कमी. एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला आणि एक तृतीयांश अडीअडचणीला, हा जगभरच्या नावाड्यांचा जुना हिशेब उजनीवरही चालतो, कारण दुपारनंतर वारा सुटला की परतीचा प्रवास जातानाच्या दुप्पट पेट्रोल खाऊ शकतो.

ठेवणे भागच असेल तर राहत्या घरात ठेवू नये. स्वयंपाकघर, देवघरातला दिवा, गिझर, इन्व्हर्टरची बॅटरी हे सगळे एकाच छपराखाली असते. शेतावरच्या मोटारीच्या खोलीतही ठेवू नये, कारण स्टार्टरच्या पेटीत मोटार चालू होताना ठिणगी पडतेच. कडब्याच्या गंजीजवळ नाही, पत्र्याच्या बंद शेडमध्येही नाही, कारण मे महिन्यात असे शेड भट्टी होते. उत्तरेच्या भिंतीची सावली, खालच्या बाजूने वारा खेळेल अशी जाळी आणि मुलांचा हात पोहोचणार नाही असे कुलूप, एवढे असले की पुरे. जाळी खालीच हवी. वाफ जड असते, छताजवळच्या झरोक्याचा तिला उपयोग नाही.

जुने पेट्रोल, इथेनॉल आणि टू-स्ट्रोक तेल

आता पंपावर मिळते ते पेट्रोल वीस टक्के इथेनॉल मिसळलेले असते. देशाने २०२२ मध्ये दहा टक्क्यांचे आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांचे उद्दिष्ट गाठले. सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा असल्यामुळे इथेनॉल आपल्याला परके नाही, आपल्याच उसातून ते बनते. पण होडीवाल्यासाठी त्यात एक अडचण आहे. इथेनॉल पाणी ओढून घेते. मोटारसायकलची टाकी पाण्यापासून दूर असते. होडीची टाकी पाण्यावरच राहते आणि तिचे झाकण ओल्या हातांनी उघडले जाते. पाणी ठराविक मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात, आणि इंजिनाची नळी तर तळातूनच ओढते. शंका आली तर टाकीच्या तळातले थोडे पेट्रोल स्वच्छ काचेच्या लहान बाटलीत, मोकळ्या जागी, घेऊन पाहावे. दोन थर दिसले तर ते इंजिनात घालू नये.

या दृष्टीने आधी इंजिनाची पुस्तिका उघडावी. जुन्या अनेक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून बसवायच्या, इंजिनांच्या पुस्तिकांत दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे लिहिलेले आहे. रबरी नळ्या आणि वायसर इथेनॉलने लवकर फुगतात किंवा तडकतात. महिन्यातून एकदा नळी वाकवून बघावी. वाकवलेल्या बाजूवर केसासारख्या भेगा दिसल्या तर नळी बदलावी, चिकटपट्टी गुंडाळून भागवू नये. पेट्रोल महिन्याभरात संपवावे. पावसाळ्यात होडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करावी, इंजिनाला नळी काढून उरलेल्या पेट्रोलवर बंद पडेपर्यंत चालवावे, आणि तेल न मिसळलेले ताजे पेट्रोल दुचाकीत संपवून टाकावे.

टू-स्ट्रोक इंजिनात तेल मिसळावे लागते. पन्नासास एक हे प्रमाण असेल तर दहा लिटरला २०० मिलीलिटर तेल लागते. आधी निम्मे पेट्रोल, मग तेल, मग उरलेले पेट्रोल असे काठावरच्या डब्यात घालावे आणि झाकण लावून हलवावे. होडीत बसून मिसळण्याची सवय असेल तर ती मोडावी. पाण्याने थंड होणाऱ्या आउटबोर्डसाठी टीसी-डब्ल्यू३ असे लिहिलेले तेल येते, स्कूटरचे तेल त्याच्या जागी वापरू नये.

काठावर जागा निवडताना

उजनीत एक वेगळीच अडचण येते. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी, त्यातला जवळजवळ ६४ टीएमसी मृतसाठा, म्हणजे वापरात न धरले जाणारे तळाचे पाणी. म्हणूनच उन्हाळ्यात वर्तमानपत्रात ‘उजनी उणे’ असे छापून येते आणि पाणी मागे मागे सरकत जाते. पावसाळ्यानंतर जिथे उसाच्या बांधाला होडी लागते, तिथून मे महिन्यात पाण्यापर्यंत भेगाळलेला गाळ तुडवत जावे लागते. त्यामुळे भरण्याची जागा दर वेळी नव्याने ठरवावी लागते आणि तिथे तीन गोष्टी पाहाव्या लागतात.

जमीन सपाट आणि घट्ट हवी. वारा तुमच्याकडून पाण्याकडे किंवा बाजूला जाणारा असावा, आणि वाऱ्याच्या वाटेवर चूल, विडी, जनरेटर काहीही नको. मासे तळून देणाऱ्या टपऱ्या काठावर जिथे तिथे असतात. त्यांच्यापासून किमान पंधरा-वीस मीटर दूर राहावे, आणि त्या खालच्या बाजूला असतील तर त्याहून दूर. तिसरी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, ती उताराची. काठ होडीच्या दिशेने उतरतो, म्हणजे वर ठेवलेल्या डब्यातून निघालेली वाफ सरळ होडीकडे जाते. म्हणून होडीच्या समोर वर न बसता बाजूला दहा पावले सरकावे.

सकाळी लवकर भरावे. हवा गार असल्याने वाफ कमी निघते, आणि वारा अजून पडलेला असल्यामुळे होडीही हलत नाही.

प्रत्यक्ष ओतताना

सुटी टाकी असेल तर काम सोपे आहे आणि सोपेच ठेवावे. होडी दोन दोरांनी खुंट्याला बांधावी, इंजिन बंद करावे, सगळ्यांना उतरवावे. लहान मुले, पाहुणे, कोणीही होडीत राहू नये. इंजिन नुकतेच चालले असेल तर दहा-पंधरा मिनिटे गार होऊ द्यावे. मग टाकीची नळी सोडवावी, हवेचा स्क्रू बंद करावा आणि टाकी उचलून काठावर आणावी. होडीत ठेवून सुटी टाकी भरण्याचे कोणतेही कारण मला आजवर पटलेले नाही.

टाकी जमिनीवर ठेवावी, शेजारी डबा ठेवावा. डब्याला हात लावण्याआधी ओल्या मातीला किंवा काठाच्या पाण्याला हात लावावा, अंगातली स्थिर वीज तिथे उतरते. आधी टाकीचा हवेचा स्क्रू हळूच सैल करावा. उन्हात राहिलेल्या टाकीतून ‘फुस्स’ आवाज येईल, तो थांबेपर्यंत झाकण उघडू नये आणि तोंड त्यावर आणू नये. डब्याच्या झाकणाचेही तसेच. नरसाळे धातूचे, बारीक जाळीचे घ्यावे आणि ते टाकीच्या तोंडाला टेकलेले असावे. डब्याचे तोंडही नरसाळ्याला टेकवून ओतावे. वरून लांब धार सोडणे दिसायला छान वाटते, पण तसे केल्याने वीजही जास्त तयार होते आणि शिंतोडेही उडतात. धार करंगळीएवढी असावी. एका हाताने डब्याचे बूड, दुसऱ्याने मूठ धरावी आणि डबा फार जड वाटत असेल तर दुसऱ्या माणसाला बोलवावे. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढण्याची सवय अजूनही पाहायला मिळते. त्यासाठी हाताने दाबायचा पंप शे-दोनशे रुपयांत मिळतो.

नजर टाकीच्या तोंडात ठेवावी. मापाच्या खुणेपर्यंत, म्हणजे काठापासून चार बोटे खाली आले की थांबावे. आधी डब्याचे झाकण लावावे, मग टाकीचे, मग टाकी बाहेरून कोरड्या सुती फडक्याने पुसावी, आणि मगच होडीत न्यावी. होडीत टाकी पट्ट्याने बांधावी, नळी जोडावी, स्क्रू उघडावा आणि नळीवरचा रबरी फुगा कडक होईपर्यंत दाबावा. फुगा दाबताना प्रत्येक जोडावर बोट फिरवावे. बोट ओले झाले तर गळती आहे, आणि ती दुरुस्त झाल्याशिवाय इंजिन चालू करू नये.

इंजिनावरच बसलेली लिटर-दीड लिटरची टाकी असेल तर ती सोडवता येत नाही आणि ती गरम इंजिनाच्या डोक्यावरच असते. येथे धीर धरणे हाच उपाय आहे. सिलिंडरवर हात ठेवता येईल इतके इंजिन गार झाल्यावर, लांब चोचीच्या एक लिटरच्या डब्याने, दर खेपेला अर्धा लिटर असे ओतावे. खाली फडके धरावे.

होडीत कायमची बसवलेली टाकी असेल तर भरण्यापूर्वी सगळे कप्पे, झाकणे, खिडक्या बंद कराव्यात, म्हणजे वाफ आत शिरणार नाही. बॅटरीचा मुख्य खटका बंद करावा. भरून, पुसून झाल्यावर मात्र सगळे कप्पे उघडावेत. आत पंखा असेल तर आधी बुडाशी नाक नेऊन, म्हणजे न सरावलेल्या माणसाला सांगून, वास पाहावा आणि मगच तो किमान चार मिनिटे चालवावा. वास येत असेल तर पंख्याच्या बटणालाही हात लावू नये.

पाण्याच्या मध्यावर पेट्रोल संपले तर? वल्ही होडीत असतील तर काठाला या, हे माझे सरळ उत्तर आहे. वाऱ्यामुळे तेही शक्य नसेल तर नांगर टाकावा, इंजिन गार होऊ द्यावे, सगळ्यांनी जीवरक्षक जाकीट घालून वाऱ्याच्या बाजूला बसावे आणि एकानेच, गुडघे टेकून, थोडे थोडे ओतावे.

सांडले तर

होडीत सांडले तर पहिली गोष्ट म्हणजे काहीही चालू न करणे. दोरी, बटण, टॉर्च, पाणी उपसायचा विजेचा पंप, काहीच नाही. पंपाने ठिणगी पडण्याचा धोका आहेच, शिवाय तो ते पेट्रोल थेट जलाशयात ओकतो. सोलापूर शहराला पिण्याचे पाणी याच उजनीतून येते, आणि पेट्रोलमध्ये एक टक्क्यापर्यंत बेंझिन असते, जे कर्करोगाला कारणीभूत ठरते. माणसे उतरवावीत, कप्पे उघडावेत, फडक्याने आणि स्पंजने पाण्यावरची साय टिपून धातूच्या झाकणाच्या डब्यात पिळावी. माझ्या त्या मार्चमधल्या प्रसंगात तीन फडकी आणि चाळीस मिनिटे लागली. भिजलेली फडकी खणात कोंबू नयेत. चूल, दिवा नसलेल्या उघड्या जागी काठीवर वाळत घालावीत. साबणाचे पाणी मारून साय ‘घालवण्याचा’ प्रकार तर करूच नये, साय दिसेनाशी होते पण पेट्रोल पाण्यात मिसळून माशांपर्यंत पोहोचते.

कपड्यांवर पडले तर कपडे बदलूनच विडी-शेगडीच्या जवळ जावे, अंग साबणाने धुवावे. डोळ्यांत गेले तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवत राहावे. कोणी गिळले तर उलटी काढू नये, मिठाचे पाणी देऊ नये. १०८ ला फोन करून थेट रुग्णालयात न्यावे.

पेटले तर

पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकू नये. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्याने ते तरंगते आणि जळतच पसरते. होडीत दोन किलोचे एबीसी पावडरचे अग्निशामक यंत्र हाताशी, पण टाकीपासून दूर, बांधलेले असावे. आग टाकीजवळ लागणार असेल तर यंत्र आगीपलीकडे असून उपयोग नाही. पिन काढावी, वाऱ्याच्या बाजूने यावे, ज्वाळेच्या टोकावर नव्हे तर बुडाशी फवारा झाडावा. आग विझली तरी दोन मिनिटे तिथेच उभे राहावे, ती पुन्हा पेटते.

पेटलेला डबा उचलून पाण्यात फेकायला धावू नये. धावताना पेट्रोल हिंदकळून अंगावर येते. डबा तिथेच सोडावा, माणसे लांब न्यावीत. पाण्यात उडी मारायची वेळ आलीच तर वाऱ्याच्या दिशेच्या उलट पोहावे, कारण जळते पेट्रोल वाऱ्याबरोबर वाहते. कोणाचे कपडे पेटले तर त्याला आडवे पाडून लोळवावे आणि जाड सुती चादर भिजवून गुंडाळावी. आपल्या सोलापुरी चादरीचा हा एक उपयोग फारसा सांगितला जात नाही; मात्र चादर खरी सुती असावी, बाजारात सुती म्हणून विकली जाणारी मिश्र धाग्याची नव्हे, ती अंगाला चिकटते. भाजलेल्या जागी वीस मिनिटे साधे वाहते पाणी, बाकी टूथपेस्ट, हळद, तेल काहीही नाही. मदतीसाठी ११२.

रिकामा डबा

दिवस संपल्यावर डबा रिकामा झाला म्हणजे धोका संपला असे वाटते, आणि इथेच गफलत होते. भरलेल्या डब्यात हवेला फारशी जागा नसते, त्यामुळे आत स्फोट होण्याइतके मिश्रण सहसा तयार होत नाही. रिकाम्या डब्यात मात्र तळाशी उरलेल्या चमचाभर पेट्रोलची वाफ आणि बाहेरची हवा अगदी नेमक्या प्रमाणात मिसळू शकते. म्हणून रिकामा डबाही भरलेल्याच शिस्तीने झाकण लावून, सावलीत, उभा ठेवावा. त्याला गळती लागली तर घरी डाग देण्याचा किंवा वेल्डिंगवाल्याकडे नेण्याचा विचार करू नये, धुतलेल्या डब्यालाही नाही. नवा डबा घ्यावा. जुना टाकून देताना तो मोकळ्या हवेत, उघड्या तोंडाने, चुलीपासून आणि मुलांपासून लांब दोन-तीन दिवस ठेवावा, मग पहारीने भोक न पाडता दगडाने चेपवून तोंड निकामी करावे, म्हणजे पुढे कोणी त्यात पाणी भरणार नाही. पहारीने ठिणगी पडते आणि दगडानेही क्वचित पडते, तेव्हा चेपवण्याआधी डब्यात गळ्यापर्यंत पाणी भरून घ्यावे. ते पाणी जलाशयाकडे नेऊ नये, आणि उसाच्या सरीतही सोडू नये; झाकणाच्या डब्यात भरून गावातल्या गॅरेजच्या जुन्या तेलाबरोबर द्यावे.